मागाच्या शेडमधलं ऐकणं

शेडचं दार ढकललं की आवाज कानाला नंतर लागतो, आधी छातीला लागतो. पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं आणि लगेच मागं घेतलं. आत ओळीनं यंत्रमाग चालू होते. प्रत्येक मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाला जाऊन आपटत होता, आणि सगळं मिळून जे होत होतं त्याला आवाज म्हणावं की जागा, हेच मला कळेना. त्यात अक्षरशः शिरावं लागत होतं.

बी.कॉम. झाल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या टॉवेलच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती इंग्रजीमुळं. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे मेल वाचायचे, उत्तरं लिहायची, त्यांनी पाठवलेली रंगांची कार्डं शेडमध्ये आणि रंगखात्यात नेऊन दाखवायची. लिहिण्याची मला अडचण नव्हती. बोलण्याची होती. माझा आवाज लहानपणापासून बारीक. इंग्रजी शाळेत टीचर ‘लाऊडर’ म्हणायच्या आणि येत असलेलं उत्तरसुद्धा घशात बसायचं. घरी आई म्हणते, “माझ्याशी बोलतीस का भिंतीशी?” दुकानात, बँकेत, रिक्षात मला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं, आणि दुसऱ्यांदा बोलताना ते वाक्यच मूर्खपणाचं वाटायला लागतं. म्हणून मी कमी बोलायला शिकले. अशा मुलीला रोज त्या शेडमध्ये पाठवणं म्हणजे मालकांनी केलेली चेष्टा आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण दोन-तीन दिवसांत लक्षात आलं की तिथं आवाजानं कुणीच बोलत नाही. लांबच्या मागावरचा माणूस दोन बोटं एकमेकांपासून ओढून दाखवतो, म्हणजे सुताची तार तुटली. कॉलर चिमटीत धरून वर उचलली म्हणजे मालक येतायत. बाकी सगळं ओठांवर. तोंड मोठं करून, सावकाश, आवाज न काढता. तीस-चाळीस फुटांवरून एकमेकांच्या बायकांची चौकशी चाललेली असते, भांडणं होतात, विनोद होतात, आणि मधे उभ्या असलेल्या मला एक शब्दही ऐकू येत नाही. एकदा एक जण दुसऱ्याला शेडच्या या टोकाहून इतकं काहीतरी वाईट बोलला की ऐकणारा धावत त्याच्या अंगावर आला. एवढ्या गोंगाटात नुसत्या ओठांनी माणसाला चिडवता येतं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. दुपारी जेवायच्या डब्यावर ते दोघं शेजारी बसले होते.

मला ज्यांच्याकडं कार्ड घेऊन जायचं असे त्यांना सगळे मामा म्हणत. आमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारी तेलुगू बोलणारी घरं आहेत, मामा त्यांतले. पन्नाशी उलटलेले, अंगानं काटक, दोन-दोन समोरासमोर अशा चार मागांवर एकटे. शेडमध्ये ते अनवाणी फिरायचे. मला ते ‘अम्मा’ म्हणायचे, त्यांच्यात लेकीबाळींना म्हणतात तसं. पहिल्यांदा मी कार्ड त्यांच्यापुढं धरून माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “हा रंग वरच्या पट्टीला पाहिजे म्हणतायत.” मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, “मग खालच्या पट्टीला काय जुनाच? विचारून घे.”

दोनदा बोलावं लागलं नाही. पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून माझी मामांशी जी मैत्री झाली ती जवळजवळ आयुष्यातली पहिली म्हणता येईल. मी मनातलं फारसं कुणाला सांगत नाही. पण कार्ड दाखवायच्या निमित्तानं त्यांच्या मागापाशी उभी राहून मी काय काय बोलले. मैत्रिणीच्या लग्नात कसं कोपऱ्यात बसून राहिले, पुण्याच्या नोकरीच्या मुलाखतीत कशी गप्प झाले. मामा ऐकत, मधेच जाऊन धोट्यातली सुताची कांडी बदलून येत, आणि बरोबर सोडलं तिथून विचारत, “मग? त्या साहेबानं काय म्हटलं?” मला वाटायचं, हा माणूस किती अदबीनं ऐकतो. आपण बोलताना नजर हलवत नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी परदेशातल्या एका कपड्यांच्या कंपनीची ऑर्डर आली. टॉवेलचं कापड, पण टॉवेलसाठी नाही. त्याचे शर्ट आणि चड्ड्या शिवणार होते. तिकडं समुद्रावर जाताना घालतात.

“अंघोळ करून टॉवेल घालतात, का टॉवेल घालून अंघोळ करतात?” मामांनी विचारलं.

“दोन्ही करत असतील.”

“चांगलंय की. एक काम वाचलं.”

विनोद पहिल्या महिन्यापुरता टिकला. आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षं तीच चार डिझाइनं आणि तेच सहा-सात रंग चालत आले होते. या कंपनीचं कार्ड दर काही आठवड्यांनी बदलायचं. कधी पिस्त्याचा हिरवा, कधी पिकल्या जर्दाळूचा, कधी ज्याला नाव देता येणार नाही असा मळकट जांभळा. मागावर चढवलेला ताण्याच्या सुताचा बीम संपायच्या आत मेल यायचा की हा रंग आता थांबवा, पुढचा घ्या, आणि पुढचा अमुक तारखेच्या आत. मग रविवारची सुट्टी जायची. रंगखात्यामागच्या नाल्यात त्या त्या महिन्याचा रंग वाहताना दिसायचा. शुक्रवार पेठेत आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात, आणि इथं एका रंगाचं सूत धुऊन काढायला किती पाणी लागतं ते मी उभी राहून बघत असे. नको झालेल्या रंगांचे तागे गोदामात छतापर्यंत रचलेले होते. त्या गोदामात मी एकदा दार लोटून एकटीच उभी राहिले होते. चांगलं, मऊ, एकही दोष नसलेलं कापड. त्याच्याइतकं निष्पाप दुसरं काही मी बघितलेलं नाही.

हे मी नामानिराळी राहून लिहितेय असं नाही. माझ्याही कपाटात मोबाइलवरून मागवलेले, एकदा धुतल्यावर अंगाला चिकटायला लागलेले टॉप होते. स्वस्त मिळतात म्हणून मी घेतले, आणि घेताना मला एकाही मामांची आठवण झाली नव्हती.

एकदा त्यांनी विचारलं, “अम्मा, आपलं हे कापड ते लोक किती वर्षं वापरत असतील?”

मी त्या कंपनीच्या साइटवर वाचलेलं होतं, लोकांनी काय लिहिलंय तेही. म्हटलं, “वर्षं नाही मामा. एका सुट्टीपुरतं. पाच-सहा वेळा घालतात, मग टाकतात. पुढच्या वेळी दुसरा रंग असतो ना.”

मामा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

“परत सांग.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला परत सांगायला लावलं. मला वाटलं, माझा आवाज पोचला नाही. मी पुन्हा तेच म्हटलं. मागावर उतरत असलेल्या जर्दाळू रंगाच्या कापडावरून त्यांनी हात फिरवला, ओल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि पलीकडच्या मागाकडं गेले.

मग त्या कंपनीनं कळवलं की कामगारांची काळजी घेतली जाते का हे बघायला त्यांचं माणूस येणार. आठवडाभर कारखाना घासून-पुसून झाला. भिंतींवर सूचना लागल्या, त्या मीच लिहिल्या होत्या. ज्या दिवशी तपासणी होती त्या दिवशी सकाळी सगळ्यांना एक-एक पिशवी मिळाली. त्यात तोंडाला बांधायचा मास्क, जाड रबरी तळाचे बूट, आणि कानात घालायचे पिवळे बोळे. कामगारांनी बोळे दाबून बघितले, एकमेकांच्या नाकात घालायचा प्रयत्न केला. मामांनी बूट घातले आणि दोन पावलं टाकून थांबले. “यात चालायचं? पायात उशा बांधल्यासारखं झालंय.”

तपासणीला आलेल्या बाई केरळच्या होत्या. हिंदी जेमतेम, मराठी अजिबात नाही. म्हणून दुभाषी मी. त्यांनी शेडमधून एक फेरी मारली, लिहून घेतलं, आणि चार-पाच कामगारांना ऑफिसशेजारच्या खोलीत एकेकटं बोलवायला सांगितलं. मालकांना बाहेर बसवलं. बाई नियमाच्या पक्क्या होत्या, पण उर्मट नव्हत्या. समोरच्याला आधी पाणी द्यायच्या.

तिसऱ्या नंबरला मामा आले. दार लावलं. खोली शांत होती. बाईंच्या तोंडाला मास्क, माझ्याही, मामांच्याही. बाईंनी विचारलं, मी मराठीत सांगितलं, “मामा, बाई विचारतायत, तुम्ही इथं किती वर्षं आहात?”

मामा माझ्याकडं बघत राहिले. नेहमीसारखेच बघत होते, पण उत्तर येईना.

मी जरा मोठ्यानं म्हटलं. मग आणखी मोठ्यानं, म्हणजे माझ्यासाठी ओरडूनच. त्यांचे डोळे माझ्या मास्कवर इकडून तिकडं फिरत होते, बंद दुकानाच्या फळ्यांत फट शोधावी तसे. आणि तेव्हा मला कळलं. दीड वर्षात त्यांनी माझा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. माझ्या मैत्रिणीचं लग्न, पुण्याचा साहेब, सगळं त्यांनी माझ्या ओठांवरून उचललं होतं. जगात ज्याला मी पहिल्या झटक्यात कळायचे, त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी मास्क काढला आणि तेच पुन्हा, पुटपुटल्यासारखं म्हटलं.

“एकोणतीस झाली,” मामा लगेच म्हणाले. “येत्या दिवाळीला तीस.”

त्यानंतरची सगळी उत्तरं पटापट आली. पण बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, “यांना ऐकू येतं का?”

मी काय उत्तर देणार यावर मामांचे माग अवलंबून होते, हे मला कळत होतं. बाईंच्या कागदांत स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच मालकांना वाचून दाखवलं होतं: आवाजानं कानांना इजा झालेल्या कामगाराला मोठ्या आवाजाच्या जागेवर ठेवता येणार नाही. ‘हो’ म्हटलं तर खोटं. ‘नाही’ म्हटलं तर मी त्यांचं तीस वर्षांचं काम एका शब्दात संपवणार. मी इतकंच केलं की मामांकडं तोंड करून तो प्रश्न जसाच्या तसा मराठीत सांगितला. तुम्हाला ऐकू येतं का, असं त्या विचारतायत.

मामांनी आपला मास्क काढून गुडघ्यावर ठेवला.

“न्हाय,” ते म्हणाले. “दहा-बारा वर्षं झाली. सांग त्यांना.”

मी सांगितलं. बाईंनी विचारलं, मग माग कसे चालवता?

“ओठ बघतो. आणि पायांनी. चारी मागांचा ठोका जमिनीतनं तळपायाला येतो. प्रत्येकाचा वेगळा. कुठला बिघडला ते न बघता कळतं.” मग पायातल्या बुटांकडं बघून ते जरा हसले. “आज मात्र खरंच बहिरा झालोय. तीन नंबरवर काय चाललंय देवाला ठाऊक.”

बाई उठल्या. आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. तीन नंबरचा धोटा पेटीत नीट बसत नव्हता, आणि सकाळपासून उतरलेल्या कापडावर हातभर अंतरानं तेलकट रेघा पडत गेल्या होत्या. मामांच्या मागावरून असं कापड कधी उतरलं नव्हतं. त्यांनी माग थांबवला, बूट काढून भिंतीशी ठेवले, दुरुस्ती केली, आणि माग पुन्हा चालू करून डोळे मिटून उभे राहिले. थोड्या वेळानं पायाच्या अंगठ्यानंच त्यांनी ‘झालं’ अशी खूण केली. बाई बघतच राहिल्या. मीही. दीड वर्ष मी त्या अनवाणी पायांना सवय समजत होते.

पण नियम नियमच होता. बाई मालकांसमोर म्हणाल्या की यांना शेडमधून हलवावं लागेल, हे त्यांच्याच भल्याचं आहे. मी भाषांतर केलं.

मामा म्हणाले, “माझ्या कानात आता राखायसारखं काय राहिलंय? ज्यांचे आहेत त्यांचे राखा की.”

हे वाक्य इंग्रजीत नीट आलं नाही. मी तीनदा प्रयत्न केला. बाईंना अर्थ कळला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली. पण त्यांच्या कागदावर या वाक्याला रकाना नव्हता. मालकांनाही ऑर्डर सोडायची नव्हती. मामांनी मग एवढंच म्हटलं, “जातो. पण हे बोळे रोज पाहिजेत. बाई आल्या म्हणून एक दिवस न्हाय. रोज सकाळी मी वाटणार.” मालक सुटल्यासारखे “हो हो” म्हणाले.

मामांची बदली घडी खात्यात झाली. तिथं लांब टेबलांवर बायका कापड तपासून घड्या घालतात. शेडच्या आणि त्या खात्याच्या मधे दोन भिंती, त्यामुळं शांतता असते, आणि त्या शांततेत मामा खरे बहिरे झाले. शेडमध्ये सगळेच ओठांनी बोलत, त्यामुळं तिथं ते कुणापेक्षा कमी नव्हते. इथं बायका कापडाकडं बघत, पाठमोऱ्या, एका वेळी तिघी बोलायच्या, आणि हसणं फुटलं की मामा उशिरा, अंदाजानं हसायचे. “लई मिजास आहे हो यांना,” एक जण मला म्हणाली. “चार वेळा हाक मारली, मान वर केली नाही.” मी खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोलायच्या आधी तिनं टेबलावर बोटांनी टकटक केलं. मामांनी लगेच वर बघितलं. आता तिथं सगळ्याजणी आधी टेबल वाजवतात, अगदी एकमेकींशी बोलतानाही.

माझ्या मनाला मात्र ते लागून राहिलं. ‘तुम्हाला ऐकू येतं का’ हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोपवला तो धीर म्हणून की भित्रेपणा म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा मी त्यांना तसं विचारलं. ते म्हणाले, “तू हो म्हणाली असतीस तर मलाच न्हाय म्हणावं लागलं असतं. कागदावर खोटं लिहिणाऱ्यातला मी न्हाय.” मग हात कापडावर ठेवून, “पण हितं मन लागत न्हाय, हे बी खरं.”

कंपनीला जे उत्तर पाठवायचं होतं त्यात मालकांनी सांगितलं तेवढं मी लिहिलं, की कामगाराला शांत जागी हलवण्यात आलं आहे. खाली मी माझ्या मनानं एक परिच्छेद जोडला. नोकरीत पहिल्यांदा. रंग इतक्या लवकर बदलले नाहीत तर सुट्टीच्या दिवशी माग बंद ठेवता येतील, आणि कानांना एक दिवस विश्रांती मिळेल, असं. मालकांना वाचून दाखवलं. ते स्क्रीनकडं बघत म्हणाले, “पाठव. काय करतील?” कंपनीनं आभार मानले. दहा दिवसांनी नवीन कार्ड आलं. या वेळी फिका निळा.

बोळे वाटायचं मात्र मामा सोडत नाहीत. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ते शेडच्या दारात उभे असतात. हातात डबा. येणाऱ्या प्रत्येकाचा कान वाकून बघतात. नसतील तर कान धरून पिळतात.

“आला मास्तर,” कुणीतरी ओठांनीच म्हणतो.

“मास्तरच हाय. गृहपाठ दाखव.”

“मामा, ऐकायला येत नाही यानं.”

“तितं ऐकायला काय आहे? बायकोचं ऐकायला कान ठेव.”

निम्मे जण आत गेल्यावर काढून खिशात टाकतात, हे त्यांना माहीत आहे. दुपारी जेवून परतताना दारात पुन्हा तपासणी असते.

फिक्या निळ्याचं कार्ड घेऊन मी गेले तेव्हा त्यांनी मलाही अडवलं.

“माझं दहा मिनिटांचं काम आहे, मामा.”

“माझं बी पहिल्या दिवशी थोड्या वेळाचंच होतं.”

मी बोळे घातले. मग त्यांनी माझ्या चपलांकडं बोट दाखवलं. मी त्या दाराशी काढल्या आणि आत गेले. आवाज लांब गेला, पाण्याखाली गेल्यासारखा. आणि जमीन वर आली. आधी नुसती थरथर होती. मी जिथं त्यांचे चार माग आहेत तिथं जाऊन उभी राहिले, तेव्हा त्या थरथरीतून एक-एक ठोका सुटा व्हायला लागला. एक जड, एक आखूड, एक थोडा मागं राहणारा. चौथा मला सापडेना. मी वळून दाराकडं बघितलं. मामा तिथंच उभे होते, शेडच्या बाहेर, नियमाप्रमाणं. त्यांनी ओठ हलवले. आवाज न काढता, सावकाश, तोंड मोठं करून.

टाच, ते म्हणत होते. टाच टेकव.